साडेअकराचा राऊंड

(काळोख. फक्त आवाज. विजेच्या खांबावर काठी, ठण्ण. मग लांब शिट्टी.)

हा आवाज ओळखला ना? नागपुरात जुन्या लेआऊटमध्ये राहणाऱ्या कोणालाही विचारा. झोपेत ऐकू आला तर माणूस कूस बदलून परत झोपतो, आणि एखाद्या रात्री नाही आला तर मात्र जाग येते. आमच्या गल्लीत हा आवाज गेली 19 वर्षं एकाच माणसाचा आहे. सगळे त्यांना बहादूर म्हणतात, आम्ही पोरं बहादूर काका. हे त्यांचं नाव नाहीच. खरं नाव व्हिडिओत नको, चेहरा पण नको असं ते म्हणाले, म्हणून तुम्हाला त्यांचे बूट दिसतील, काठी दिसेल आणि एक वही दिसेल. वहीकडे लक्ष ठेवा.

3 नोव्हेंबर 2023, शुक्रवार. दिवाळी नऊ दिवसांवर आलेली. गल्लीत अर्ध्या घरांना रंग लागून राहिला होता, आणि तो काही हौसेचा नव्हता. सप्टेंबरच्या 23 तारखेला पहाटे काय झालं ते नागपूरकरांना सांगायला नको, काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी घरात. भिंतींवर कंबरेएवढी चिखलाची रेघ उमटली होती आणि तीच पुसायला पेंटर लावले होते. त्या पहाटे आम्हाला उठवलं कोणी? बहादूर काकांनी. शिट्टी वाजवत नव्हते, सरळ फाटकावर काठी हाणत होते, एकेका घराची, आणि ओरडत होते, "पाणी आलं, गाडी नाही, माणूस काढा". आमची आजी खालच्या खोलीत झोपायची. पुढचं मी सांगत नाही.

तर त्या शुक्रवारी रात्री ते नेहमीसारखे निघाले. त्यांचा पहिला राऊंड साडेअकराचा. त्याच वेळी, आपल्या घड्याळात 11 वाजून 32 मिनिटं आणि नेपाळच्या घड्याळात 11:47, कारण त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, पश्चिम नेपाळातला जाजरकोट जिल्हा हलला.

(नकाशा. नागपूरहून वर सरकत लखनौ, रुपईडीहा, नेपाळगंज, सुर्खेत, जाजरकोट.)

2015 चा नेपाळचा भूकंप सगळ्यांना आठवतो, 25 एप्रिलचा, 7.8 चा, जवळजवळ नऊ हजार माणसं गेली, काठमांडूचा धरहरा मनोरा पडल्याचे फोटो सगळीकडे फिरले. जाजरकोटचा फार कोणाला आठवत नाही. नेपाळच्या मोजणीत 6.4, अमेरिकेच्या मोजणीत 5.7. आकडा बघून वाटेल छोटाच होता की. पण दीडशेच्या वर माणसं गेली, आणि त्यात निम्म्याच्या आसपास लहान मुलं. कारण रात्र होती, सगळे आत झोपलेले, आणि घरं दगड-मातीची.

बहादूर काकांचं गाव तिथलंच. बायको, म्हातारी आई आणि धाकटी मुलगी तिकडे. मोठा मुलगा कतारला. काकांचा पुतण्या मात्र नागपुरातच, चायनीजच्या गाडीवर काम करतो. पहिला फोन त्या पुतण्याला आला, बारा-सव्वाबाराला, कोणीतरी फेसबुकवर काहीतरी टाकलेलं बघून. मग हे दोघं रात्रभर घरी फोन लावत राहिले. लागला नाही.

मी त्यांना विचारलं, मग त्या रात्री तुम्ही काय केलं? म्हणाले, राऊंड केला. मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही, म्हणून परत विचारलं. "ताई, खडे रह के क्या करता? चलत होतो तर बरं वाटत होतं." दोनचा राऊंड केला, चारचा केला. आम्ही झोपलेलो. शिट्टी ऐकून कूस बदलली असेल.

सकाळी नऊच्या पुढे बातमी लागली. घर पडलं. बायको आणि मुलगी बाहेर निघाल्या. आईच्या पायावर भिंत आली, तिला नेपाळगंजला दवाखान्यात हलवलं. गोठ्यातली म्हैस गेली.

आता मला वाटलं, हा माणूस आज संध्याकाळची गाडी पकडणार. सगळ्यांनाच वाटलं. आणि इथे मला एक गोष्ट कळली जी आधी कधी डोक्यात आलीच नव्हती. आपल्याकडे परदेशात कोण असतो? ज्याचा मुलगा न्यू जर्सीत आहे तो. बहादूर काका आपल्या गल्लीत असतात, भारत-नेपाळच्या 1950 च्या करारामुळे त्यांना पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही, दर महिन्याला फाटकात उभे राहून शंभर रुपये घेतात, म्हणून ते आपल्याला इथलेच वाटतात. त्यांच्या गावाकडे भारतात कामाला जाण्याला म्हणतात 'काला पहाड' जाणं. म्हणजे आपली गल्ली हा त्यांचा काला पहाड. परदेश म्हणजे हेच, आपलं दुधाचं बूथ, आपला खांब, आपला कुत्रा जो फक्त त्यांच्यावरच भुंकत नाही.

शनिवारी दुपारी त्यांच्या भागातले नागपुरातले अकरा जण त्या चायनीजच्या गाडीमागे बसले. कोणी मोमोवाला, कोणी बंगल्यावर वॉचमन, एक जण हॉटेलात भांडी घासणारा. रडारड वगैरे झाली असेल, काका त्यावर बोलत नाहीत. त्यांनी हिशोब सांगितला. अकरा जण गेले तर अकरा भाडी जातील, अकरा पगार थांबतील, आणि तिकडे खाणारी तोंडं अकराने वाढतील. म्हणून तिघं जातील, आठ राहतील. जाणाऱ्यांची ड्युटी राहणारे करतील म्हणजे नोकरी सुटणार नाही. कोण जाणार? ज्यांच्या घरी मातीला जायचं आहे ते दोघं, आणि हा पुतण्या, कारण तो तरुण आणि त्याला ओझं उचलता येतं.

बहादूर काका राहिले. आई दवाखान्यात असताना राहिले. रात्री आपला राऊंड, आणि दिवसा दुसऱ्याच्या बंगल्यावर खुर्चीत.

(गल्ली. दुपार. एका पोर्चमध्ये कपड्यांची तीन पोती.)

आमच्या गल्लीचं काय? ग्रुपवर मेसेज पडला आणि अर्ध्या दिवसात तीन पोती जुने कपडे जमले. मी पण दिले, खोटं कशाला बोलू, कपाट रिकामं करायला कारण पाहिजेच असतं. मग आमच्याकडचे पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले काका आले, पोती बघितली आणि म्हणाले, "बाप्पा, परत तेच?" हे काका 1993 ला किल्लारीला भूकंपाच्या ड्युटीवर गेले होते. 30 सप्टेंबर, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. काका सांगतात की तिथे कपड्यांचे ढीगच्या ढीग पावसात भिजत पडले होते, कोणी हात लावत नव्हतं. आणि तिथेही दगड-मातीच्याच भिंती, वर माळवद, म्हणजे फूट-दोन फूट मातीचं छत. अशी भिंत खरं तर एक नसते, बाहेरून एक दगडांची रांग, आतून एक, मध्ये माती आणि गिट्टी. हलली की दोन्ही रांगा फुगतात, सुटतात, आणि वरचं ओझं सरळ खाटेवर. हे काकांनी मला पत्त्यांच्या दोन गड्ड्या उभ्या करून दाखवलं.

मग कोणीतरी बहादूर काकांनाच विचारलं की बा तुम्हाला काय पाहिजे? एवढा साधा प्रश्न विचारायला आम्हाला दोन दिवस लागले. ते म्हणाले, जस्ता. म्हणजे टिनाचे पत्रे. तिकडे थंडी सुरू झाली होती, माणसं प्लास्टिकखाली झोपत होती. पत्रे नागपुरातून न्यायचे नाहीत, नेपाळगंजला बंडलने मिळतात. न्यायचे फक्त पैसे.

दिवाळीचं पोस्त तसंही द्यायचंच होतं, ते आधी काढलं आणि त्यात भर टाकली. कोणी पाचशे दिले, कोणी दोन हजार, एका काकूंकडे पुराच्या मदतीचे सरकारी 10 हजार नुकतेच आले होते त्यातले पाच दिले. सगळे मिळून 43,700. आता गंमत बघा. पैसे आले जीपेवर, आणि काकांकडे जीपे नाही. बँकेतून नेपाळला पैसे पाठवायची रीतसर सोय आहे, 2008 पासून आहे, पण पलीकडे पैसे घ्यायला ओळखपत्र लागतं आणि बहादूर काकांच्या बायकोची 'नागरिकता', म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, ढिगाऱ्याखाली. बरं, रोख न्यावी तर नेपाळात तेव्हा शंभराच्या वरची भारतीय नोट चालत नव्हती, 2018 पासून बंदी. म्हणजे 43,700 रुपये शंभराच्या नोटांत. 437 नोटा!

एका बँकेच्या काऊंटरवर आमच्या खजिनदारांना ऐकवलं गेलं की शंभराच्या नोटा म्हणजे काय मागाल तेवढ्या मिळतात का. मग काय, सगळी गल्ली कामाला लागली, किराणावाला, दूधवाला, पाणीपुरीवाला, पेट्रोल पंपावरचा ओळखीचा पोरगा. दोन दिवस कोणाच्याही घरी शंभराची नोट टिकली नाही. चार गड्ड्या आणि वर 37 सुट्या. त्या पुतण्याच्या पिशवीत कपड्यांच्या मध्ये दडपल्या, आणि बाकी दोघांच्या मागोमाग तो राप्तीसागरने निघाला, लखनौपर्यंत रेल्वे, तिथून बसने रुपईडीहा, पायी बॉर्डर.

(क्लोजअप. वहीचं मागचं पान.)

ही ती वही. पुढच्या पानांवर आमच्या घरांचे नंबर आणि दर महिन्याच्या टिका, आमच्या घरासमोर दोन महिने टीक नाही, ते मी आत्ता एडिट करताना पाहिलं. मागच्या पानावर दोन रकाने. एकावर लिहिलंय आयसी, म्हणजे भारतीय रुपये, दुसऱ्यावर एनसी, म्हणजे नेपाळी. आपल्या शंभराचे तिकडे 160, हा भाव 1993 पासून हललेला नाही. 43,700 समोर 69,920. खाली पुतण्याने फोनवर सांगितलेला खर्च. जस्ता. किला, म्हणजे खिळे. आमाको औषधि, म्हणजे आईचं औषध. गाडी भाडा. लिपी आपलीच आहे, त्यामुळे सगळं वाचता येतं, आणि वाचता आलं की जरा जड जातं. तात्पुरत्या निवाऱ्याला नेपाळ सरकारने 50 हजार नेपाळी रुपये जाहीर केले होते, दोन हप्त्यांत. तेही त्याच पानावर आहेत, पहिल्या हप्त्यासमोर तारीख, दुसऱ्यासमोर बरेच महिने नुसती रेघ होती.

डिसेंबरात पुतण्याने फोटो पाठवला. टिनाचं छप्पर, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले. दारात काकांची आई, कुबडी घेऊन. आणि अंगात मरून कलरचं स्वेटर, छातीवर शाळेचा बिल्ला. माझ्या भावाचं आठवीतलं! ते पोत्यातलं स्वेटर तिथे पोचलं कसं, तर पुतण्याने नोटा गुंडाळायला म्हणून घेतलं होतं.

मी लगेच पीडब्ल्यूडीवाल्या काकांना दाखवायला गेले, म्हटलं बघा, कपडे पण लागले ना. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला, स्वेटरकडे बघितलंच नाही. टिनाखाली छातीएवढी भिंत दिसत होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे दगड पुन्हा मातीतच रचून राहिले का?"

रात्री साडेअकराला ते स्वतः फाटकात उभे राहिले. बहादूर काका आले तसं त्यांना थांबवून समजावलं की भिंतीत दर दोन-तीन फुटांवर लाकडाची पट्टी टाका चारही बाजूंनी, आणि मध्ये मध्ये आरपार जाणारे लांब दगड बसवा. बहादूर काकांनी वही काढली, टॉर्च दातात धरला आणि लिहून घेतलं. मग टॉर्च काढून म्हणाले, "लाकूड महाग आहे काका. अगली दिवाली."

(काठी. ठण्ण. शिट्टी लांब जाते.)