विहीर भरते कशाने, आटते कशाने

मंडळी, जमिनीखालून नद्या वाहतात आणि त्यांचाच एखादा फाटा आपल्या विहिरीत येतो, हा समज आधी बाजूला ठेवू या. चुनखडीच्या मुलखात तसं कुठे कुठे असतं. आपल्या नाशकात पायाखाली आहे तो काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला. यात पाणी धो-धो वाहत नाही, पाझरतं. पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला, तरी पाझरतंच.

या पाझरण्याचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो फ्रान्समधल्या दिजाँ गावच्या हेन्री दार्सी या इंजिनियरने. गावाला नळाचं पाणी त्यानेच आणलं होतं. वाळूतून पाणी गाळायचं तर किती वाळूला किती पाणी, हा त्याचा साधा, धंद्यातला प्रश्न. उभ्या नळात वाळू भरून त्यातून तो पाणी सोडत गेला आणि मोजत गेला. १८५६ साली त्याने निष्कर्ष छापले. वरची आणि खालची पाण्याची पातळी यांतलं अंतर दुप्पट केलं की पाणी दुप्पट येतं. वाळूचा थर दुप्पट केला की निम्मं येतं. उरलेलं सगळं वाळू कशी आहे त्यावर.

एवढंच? हो, एवढंच. पण यातून निघतं काय ते बघा. भिजून तुडुंब झालेल्या जमिनीत पाणी उतारानेच जातं, फक्त तो उतार शिवाराचा नसतो, पाण्याच्या पातळीचा असतो. शेजाऱ्याने मोटर लावून त्याच्या विहिरीची पातळी खाली नेली की उतार त्याच्याकडे होतो. मग तुमच्या बांधाखालचं पाणीही तिकडे निघतं. बांधावरून होणारी निम्मी भांडणं इथे आहेत.

वेग किती? वाळू पाणी किती सहज जाऊ देते याचा आकडा चांगल्या वाळूसाठी दिवसाला १० मीटर धरा आणि पातळीचा उतार शंभरास एक. गुणाकार केला की १० सेंटिमीटर. पण पाण्याला वाट मिळते ती कणांमधल्या पोकळीतूनच, आणि ती एकूण जागेच्या पाव हिस्सा. म्हणून पाणी प्रत्यक्षात दिवसाला ४० सेंटिमीटर सरकतं. १०० मीटर जायला २५० दिवस. आणि ही वाळूची गोष्ट झाली. घट्ट चिकणमातीत पोकळी वाळूपेक्षा जास्त असते, जवळजवळ निम्मी जागा. तरी त्याच उतारावर पाणी वर्षाला मिलिमीटरभरही सरकत नाही, कारण एकेक पोकळी इतकी बारीक की पाणी कणांना धरूनच बसतं. आपली काळी जमीन तर मे महिन्यात भेगाळते, पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली घेते आणि मग फुगून तोंड मिटते. त्यानंतर द्राक्षबागेत पाणी का तुंबतं, हे बागाईतदारांना मी सांगायला नको.

आता खडक. पांडवलेण्याच्या डोंगराकडच्या खाणींतून निघालेला सच्छिद्र दगड हातात घेऊन बघा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ही छिद्रं. बऱ्याच छिद्रांत पांढरी, गुलाबीसर स्फटिकं भरलेली दिसतील. त्यांतली बरीचशी झिओलाइट या खनिजांच्या गटातली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात यांचे देखणे नमुने आहेत. देखणे खरे, पण पाण्याच्या दृष्टीने बूच. जी छिद्रं मोकळी आहेत त्यांतलीही कित्येक एकमेकांना जोडलेली नाहीत. खोल्या भरपूर, दारं नाहीत, असा हा वाडा. म्हणून इथे पाणी फिरतं ते दोन ठिकाणी: वरच्या कुजलेल्या मुरमात-मांजऱ्यात (मऊ पडलेल्या खडकात), आणि कातळाच्या सांधे-फटींत. दार्सीचा नियम मुरमात बऱ्यापैकी चालतो. एकट्या फटीला तो लावायला मी धजावणार नाही.

खरी मेख पुढे आहे. पातळी खाली गेली की असा खडक आपल्या आकारमानाच्या साधारण २ टक्केच पाणी सोडतो, वाळू १५ टक्क्यांच्या घरात. एक हेक्टराखाली पातळी १ मीटर उतरली तर हाती येतं २०० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटरचे २० टँकर. बस्स. उलट बाजूने बघा: पावसातलं १० सेंटिमीटर पाणी मुरलं, तर विहीर ५ मीटर चढते! श्रावणात विहीर काठोकाठ बघून आपण खूश होतो आणि जादा पाण्याचं पीक धरतो. पण ती चढली ते पाणी फार आहे म्हणून नाही, साठवायला जागा कमी आहे म्हणून. त्याच कारणाने ती होळीच्या आत तळ गाठते. येवला-चांदवडच्या लोकांना हा हिशेब पाठ आहे.

मग लोक बोअर घेतात. दोनशे फूट, चारशे, सहाशे. खोल गेलं की पाणी वाढतं, असा काही नियम नाही. खाली जावं तसा कातळ घट्ट आणि फटी विरळ होत जातात. लागली एखादी तर लागली. पण त्या फटीतली पातळी वरच्या मुरमापेक्षा खाली असेल आणि केसिंग, म्हणजे भोकात वरून बसवायचा पाइप, नीट बसलेलं नसेल, तर बोअर उलटं काम करतो. वरचं पाणी त्याच भोकातून खाली उतरतं आणि शेजारच्या जुन्या विहिरी आटतात. बोअरच्या तोंडाशी कान लावला तर पाणी पडल्याचा आवाजही कधी कधी येतो, आणि मालक त्यालाच झरा समजून पेढे वाटतो.

बोअरची गाडी आणाल तेव्हा दर दहा-वीस फुटांना बाहेर येणाऱ्या भुकटीची चिमूट कागदाच्या पुडीत बांधून ठेवा आणि पाणी किती फुटांवर लागलं ते पुडीवर लिहा. तांबडी भुकटी निघाली तर दोन लाव्हाथरांमधली जुनी माती आली असं समजा. तिच्या वर पाणी अडतं, म्हणून तो आकडा विसरू नका. केसिंग कुठपर्यंत घालायचं ते त्या पुड्या बघून ठरवा, पाइपाच्या दरावरून नको.