अजस्र देहाचा हिशेब

श्रोतेहो,

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील माणसाला अजस्र प्राणी पाहण्यासाठी आफ्रिकेला जाण्याची गरज नाही. कणकुंबी, जांबोटी, हेमाडगा या पट्ट्यात भात पोटरीला आले की गव्यांचे कळप शिवारात उतरतात आणि एका रात्रीत वर्षभराच्या कष्टाची माती करतात, हे आपल्यापैकी अनेकांनी सोसलेले आहे. ते नुकसान लहान नाही. तरीही आज मी आपले लक्ष त्या जनावराच्या देहाकडे वेधणार आहे, कारण एवढा मोठा देह उभा कसा राहतो आणि त्यासाठी त्याला काय मोजावे लागते, हे समजले की प्राणिसृष्टीतील पुष्कळ नवलांचा उलगडा होतो.

गवा हा जगातील सर्वांत मोठा रानटी गोवंशीय प्राणी आहे. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी माणसाइतका उंच असतो आणि त्याचे वजन 1,000 किलोच्या आसपास जाऊ शकते. त्याच्या मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत जो ठसठशीत उंचवटा दिसतो, तो आपल्या बैलाच्या वशिंडाहून अगदी वेगळा असतो. वशिंडात हाड नसते. गव्याच्या उंचवट्याच्या आत मात्र पाठीच्या मणक्यांचे लांबच लांब वाढलेले काटे असतात. त्यांना बळकट स्नायू जखडलेले असतात आणि ते जड मस्तक व शिंगे पेलण्याचा भार याच स्नायूंवर पडतो.

असा विशेष बंदोबस्त का लागतो, याचे गणित गॅलिलिओने 1638 साली मांडून ठेवले आहे. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर वजन आठपट होते. पण हाडाची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे ती चौपटच वाढते. म्हणून हरणाचे पाय नुसते मोठे करून हत्तीला लावले तर ते मोडतील. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ आणि जाड असतात ते याचसाठी. कातडीच्या क्षेत्रफळाचेही तसेच आहे. देह वाढतो त्या मानाने उष्णता बाहेर टाकणारी कातडी वाढत नाही, म्हणून हत्ती कान हलवून रक्त थंड करतो आणि गवा भर उन्हात दाट सावलीत रवंथ करत बसून सकाळ-संध्याकाळ चरतो.

जमिनीवरची ही मर्यादा पाण्यात सैल होते, कारण तेथे देहाचा भार पाणी तोलून धरते. निळा देवमासा 30 मीटरपर्यंत वाढतो आणि त्याचे वजन 150 टनांच्याही वर जाऊ शकते. आजवर पृथ्वीवर झालेल्या अतिप्रचंड प्राण्यांत त्याची गणना होते. पण हेच पाणी सुटले की तोच देह त्याचा वैरी होतो. जून 2015 मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे 42 फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत लागला. माणसांनी पुष्कळ खटपट केली, पण तो वाचला नाही. किनाऱ्यावर पडलेल्या देवमाशाची फुप्फुसे त्याच्याच वजनाखाली दबतात आणि जाड चरबीमुळे अंगातील उष्णता कोंडून राहते.

या देवमाशाच्या हृदयाचे ठोके 2019 साली प्रथमच प्रत्यक्ष मोजून प्रसिद्ध करण्यात आले. खोल बुडी मारल्यावर ते मिनिटाला दोनपर्यंत उतरतात आणि श्वासासाठी वर आल्यावर तिसाच्या पुढे जातात. उलट, जेमतेम दोन ग्रॅम वजनाच्या सर्वांत चिमुकल्या चिचुंद्रीचे हृदय मिनिटाला हजाराहून अधिक वेळा धडधडते आणि थोडा वेळ अन्न मिळाले नाही तरी तिचा जीव धोक्यात येतो. लहान सस्तन प्राण्यांचे आयुष्य सामान्यतः थोडे असते, ते याच वेगाशी निगडित आहे. या नियमाला वटवाघळे मोठ्या दिमाखाने अपवाद ठरतात. सायबेरियात खूण करून सोडलेले सुमारे सात ग्रॅम वजनाचे एक वटवाघूळ 41 वर्षांनी पुन्हा जिवंत सापडले. आपल्या भीमगड अभयारण्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील मोठ्या कानांचे दुर्मीळ वटवाघूळही अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय आहे. कित्येक दशके ही जात जगात केवळ त्या एका गुहेतून ठाऊक होती.

आपल्याच घाटात वावरणारा नागराज, म्हणजे किंग कोब्रा, हा जगातील सर्वांत लांब विषारी साप. त्याची 18 फुटांपर्यंत लांबी नोंदलेली आहे, आणि पश्चिम घाटातील नागराज ही स्वतंत्र जात असल्याचे 2024 साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले. अंगात स्वतःची उष्णता निर्माण करत बसावी लागत नसल्यामुळे त्याचा लांबलचक देह थोडक्या भक्ष्यावर भागतो. मादी मात्र अंड्यांसाठी कष्ट घेते. अंगाचे वेटोळे वापरून ती पालापाचोळा ओढून ढीग रचते आणि त्यावर राखण करत बसते. असे घरटे बांधणारा दुसरा साप ज्ञात नाही.

मोठ्या देहाची सर्वांत जड किंमत प्रजननात मोजावी लागते. हत्तीण सुमारे 22 महिने गर्भ वाहते आणि दोन पिल्लांत बहुधा चार-पाच वर्षांचे अंतर असते. गवाही एका वेळी बहुधा एकच वासरू देतो. त्यामुळे मोठी साथ आली की कळप सावरायला वर्षानुवर्षे लागतात. 1968 च्या सुमारास बंडीपूर-मुदुमलाईच्या जंगलांत बुळकांड्या या गुरांच्या जीवघेण्या रोगाच्या साथीने गव्यांचा मोठा संहार झाला. हा रोग लसीकरणामुळे 2011 साली जगातून हद्दपार झाला. लाळ्या-खुरकूत मात्र अजून आहे, आणि गुरे व गवे जेथे एकाच पाणवठ्यावर येतात, तेथे तो गोठ्यातून रानात पोहोचू शकतो. म्हणून जंगलाच्या कडेला गुरे सोडणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गुरांना लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर टोचून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.