पातबिंगसूत बर्फ दुय्यम

मागे ऐकू येतंय ना? बरं. बोर्डावर लिहिलंय की पातबिंगसू, म्हणजे कोरियातला बर्फाचा गोड पदार्थ, कसा करतात ते मी सांगणार, आणि सांगणारच आहे, पण आधी एक राग काढून घेतो, सेऊलला नोकरीला होतो तेव्हापासून सांभाळलाय.

आपल्याकडून कुणी आलं की मी त्यांना हमखास पातबिंगसू खायला न्यायचो. भलामोठा वाडगा येतो, त्यात किसलेल्या बर्फाचा ढीग, कंडेन्स्ड मिल्क, तोकचे, म्हणजे तांदळाच्या केकचे, चिकट चौकोनी तुकडे आणि वर डावभर शिजवलेलं गोड लाल कडधान्य. तेच पात, म्हणजे अझुकी. आणि पाहुणे काय म्हणतात? "अय्या, बर्फावर राजमा?" अहो, होळीला हरभऱ्याची डाळ गूळ घालून शिजवून, वाटून, पोळीत भरून, वर तूप ओतून चार-चार हाणणारी माणसं ही! म्हणजे गोड डाळ चालते, फक्त ती गार नको. एक काका तर चमच्याने एकेक दाणा वेचून वाडग्याच्या कडेला लावत बसले आणि शेवटी मला म्हणतात, पाणीच आहे हो नुसतं. असणारच! चव सगळी कडेला लावून ठेवलीत. (हशा) हसू नका, तुमच्यातले निम्मे हेच करणारेत.

तर माझं म्हणणं एवढंच की पातबिंगसूत पात मुख्य. बर्फाचा मान पूर्वी होता, ते कबूल. जोसन राजवटीत, म्हणजे कोरियातल्या जुन्या राजांच्या काळात, सेऊलची हान नदी गोठली की लाद्या कापून सोबिंगो आणि तोंगबिंगो या सरकारी कोठारांत भरायच्या, उन्हाळ्यात राजवाड्याला, पूजाविधींना, दरबारी अधिकाऱ्यांना वाटायच्या, आणि कडाक्याच्या थंडीत त्या कापायला कोण, तर नदीकाठची रयत. सोबिंगो नावाचं रेल्वे स्टेशन आजही सेऊलमध्ये आहे. ग्योंगजू शहरात १७३८ मध्ये बांधलेलं दगडी बर्फकोठार उभं आहे, गेलात तर बघा. असो. आज बर्फ मशीन करतं, मान कसला!

पातबिंगसूचं आत्ताचं रूप आलं ते जपानी अमलात, १९१० ते १९४५ मधे, त्यांच्या काकीगोरीवरून, म्हणजे किसलेल्या बर्फावर पाक घालून खातात त्यावरून. कोरियन युद्धानंतर अमेरिकन डबे आले, फ्रूट कॉकटेल वगैरे, तेही यात शिरलं. मग २०१३ मध्ये बुसानहून सुलबिंग नावाची चेन निघाली, ती दूधच गोठवून किसते आणि वर भाजलेल्या सोयाबीनची पूड भुरभुरते, म्हणजे पुन्हा कडधान्यच, बघा! आणि सेऊलच्या शिला हॉटेलातलं जेजू बेटावरच्या आंब्याचं बिंगसू २०२४ मध्ये १,०२,००० वॉनला होतं. आपले सहा हजारांच्या वर. त्यात पात वेगळ्या वाटीत, जणू पाहुण्यांच्या पंगतीत घरातला माणूस बाजूला बसवलाय. आणि मराठी माणसाने आंबा खायला सहा हजार द्यायचे? तेही कोरियात?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, कृती घाईत सांगतो, लिहून घ्या.

अझुकी भिजवायची नाही. धुवून पाच-सात मिनिटं उकळा आणि ते पाणी चक्क ओतून द्या, तुरटपणा त्याच्याबरोबर जातो. नव्या पाण्यात मंद आचेवर तासभर तरी शिजवा, दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. साखर त्याच्या आधी अजिबात नाही, घाई केली की सालं ताठ होतात आणि मग कितीही शिजवा, दाताखाली येतातच. साखर दोनदा, थोडी-थोडी, मग चिमूटभर मीठ, मीठ विसरलात तर नुसतं गोडमिट्ट लागतं. निम्मे दाणे डावाने चेचा, निम्मे अख्खे ठेवा. गॅस बंद करताना थोडं सैल हवं, गार झालं की आळतं. आणि फ्रिजमध्ये पूर्ण गार झाल्याशिवाय बर्फावर घालू नका, एका मिनिटात तळं होतं. घरी मशीन नसेल तर दुधात कंडेन्स्ड मिल्क मिसळून झिपच्या पिशवीत आडवं गोठवा, मग वरून लाटण्याने ठोका. अझुकी नाही मिळाली तर लाल चवळी घ्या, चालते.

सगळं कालवून खायचं की थर तसेच ठेवून, यावर कोरियात घराघरात भांडणं आहेत, त्यावर खरं तर बोलायचं होतं. मी कालवत नाही. हो, हो, उतरतो.