ऊन फुकट, पाणी विकत

(दृश्य: लातूर, एप्रिल. पहाटेची गच्ची. पत्र्याच्या शेडखाली शेगडी, तिच्यावर मोठं पातेलं.)

कुरडईचा गहू तीन दिवस भिजत होता. रोज पाणी बदललं, नाहीतर वास मारतो. काल तो वाटला, पिळला, गाळला. चोथा गल्लीतल्या म्हशीला गेला. पातेलं रात्रभर हलवलं नाही की चीक तळाला बसतो आणि वर पिवळट निवळ राहते. ती आत्ताच ओतून झाली. आता जेवढा चीक तेवढंच आधणाचं पाणी, मीठ, हिंग. एकीनं धार सोडायची, दुसरीनं लाकडी दांड्यानं हाटायचं. हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा. ओल्या बोटानं चाचपून बघायचं. बोटाला चिकटला नाही म्हणजे चीक शिजला. मग गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. गार झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही, दाबणारीचा खांदा मात्र उतरतो.

उन्हं तापायच्या आत अर्धी गच्ची कुरडयांनी भरते.

हे घर ज्यांचं आहे त्यांना गल्लीतली पोरं काकू म्हणतात. आपणही काकूच म्हणू. भिशीचा नंबर लागला तेव्हा आलेली रक्कम आणि जुलै २०२४ पासूनचे लाडक्या बहिणीचे दरमहा दीड हजार, हप्ता येईल तसे बाजूला टाकलेले. सगळं मिळून चाळीस हजारांच्या आत. एवढ्या पैशात घरबसल्या काय करता येतं, हे या घरात बघायचंय.

(दृश्य: गच्चीवरची काळी टाकी. गल्लीत पाण्याचा टँकर.)

मराठवाड्यात वाळवणाला ऊन फुकट मिळतं. पाणी मिळत नाही. कुरडईला ऊन लागतं त्याच महिन्यांत नळ रुसतो, आणि कुरडईइतकं पाणी दुसरं कुठलंच वाळवण पीत नाही. भिजवायला पाणी, रोज बदलायला पाणी, वाटायला, गाळायला, भांडी धुवायला पाणी. लातूरकरांना हे सांगावं लागत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते या गल्लीनं हंड्या-घागरींनी भरलेलं आहे. पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात शहरात कुरडया कुणी केल्या असतील, असं वाटत नाही. म्हणून काकूंच्या हिशेबाच्या वहीत गहू, गॅस यांच्याखाली ‘टँकर’ अशी वेगळी ओळ आहे.

(दृश्य: वहीचं पान, जवळून. पेन्सिलीनं केलेली बेरीज.)

हिशेब एकदा नीट बघून घेऊ. भाव वरखाली होतात, म्हणून आकडे समजुतीपुरते. दहा किलो गहू साडेतीनशेचा. मीठ, हिंग, तेल पन्नास. गॅस दीडशे. पाणी, पिशव्या आणि लेबलं पंचाहत्तर. झाले सव्वासहाशे. किलोभर गव्हाची किलोभर कुरडई होत नाही. कोंडा जातो, हाताशी निम्म्याच्या आसपास उरतं. म्हणजे पाच किलो. सव्वासहाशेला पाचानं भागलं की किलोला सव्वाशे. गल्लीतल्या बहुतेक बायका इथंच थांबतात आणि दोनशेनं विकून किलोमागं पंचाहत्तर सुटले म्हणून खूश होतात.

आता दोन बायकांची मजुरी धरा, तीनशे-तीनशे. खर्च सव्वाबाराशेवर गेला, किलोला दोनशे पंचेचाळीस. दोनशेनं विकलेली कुरडई पंचेचाळीस रुपये तोट्यात गेली. तो तोटा कुणाला दिसत नाही, कारण तो पहाटे चारला उठणाऱ्या बाईच्या अंगावर पडतो.

काकू आपली मजुरी धरतात. घरातल्यांना सुरुवातीला ते विचित्र वाटलं. नवऱ्यानं विचारलंही, घरच्या कामाची कसली मजुरी? त्या म्हणाल्या, "मग शेजारणीला तीनशे कशाचे द्यायलाव आपण?"

(दृश्य: गंजगोलाई. गोलाला येऊन मिळणारे रस्ते, किराणा दुकानांच्या रांगा.)

भाव नीट धरला तरी पैसा हाताशी येईपर्यंत धंदा तरत नाही. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, दुकानांना तोटा नाही आणि माल ठेवून घ्यायला फारसं कुणी नाही म्हणत नाही. पण दुकानदार म्हणतो, ‘ठेवून जा, खपल्यावर बघू.’ एप्रिलमध्ये ठेवलेल्या कुरडईचे पैसे कधी श्रावणात, कधी दिवाळीत येतात, आणि त्यातून फुटका माल वजा होतो. चाळीस हजारांतले पंधरा असे अडकले तर पुढच्या घाण्याचा गहू कशाचा घ्यायचा?

म्हणून पहिल्या वर्षी काकूंनी स्वतःचा माल केलाच नाही. गिऱ्हाइकानं गहू आणून द्यायचा, यांनी किलोवर मजुरी घेऊन कुरडया करून द्यायच्या. भांडवल जवळजवळ शून्य, उधारी नाही, आणि कुणाच्या घरी किती लागतात हे आपोआप कळतं. कमाई बेताची, पण बुडायला काही नाही. दुसऱ्या वर्षी ऑर्डर घ्यायला सुरुवात केली, अर्धे पैसे आगाऊ घेऊन. लातूरचं अर्धं गणगोत आज पुण्यात आहे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोकं टाकलं की सकाळी पुण्यात पोचतं. उरलेले पैसे फोनवर येतात, तेही खोकं निघायच्या आधी.

दुकानात माल अजून ठेवत नाहीत. कमी पैशात धंदा करणाऱ्यानं ‘नफा किती’ याच्या आधी ‘पैसा परत कधी’ हे विचारावं, हे काकू कुठल्या शिबिरात शिकल्या नाहीत. ते त्यांना दुसऱ्या धंद्यानं, जेवणाच्या डब्यांनी शिकवलं.

(दृश्य: जूनमधली सकाळ. ओट्यावर स्टीलच्या डब्यांची रांग. झाकणांवर ऑइलपेंटनं घातलेले नंबर.)

लातुरात बाहेरगावची पोरं हजारोंनी शिकायला येतात. नांदेड, बीड, परभणी, धाराशिव, पार कर्नाटकाच्या हद्दीवरून. ट्यूशन एरियात खोली मिळते, आईच्या हातचं जेवण मिळत नाही. त्यावर या शहरात किती घरं चालतात, याची मोजदाद कुणी केलेली दिसत नाही.

डब्याची गंमत अशी की इथं पैसा आधी येतो. महिन्याचे पैसे एक तारखेला. समजा दोन वेळचे अठ्ठावीसशे आणि दहा पोरं; अठ्ठावीस हजार हातात, आणि किराणा भरायचा तो त्यातूनच. काकूंनी स्वतःचे घातले ते डबे, मोठा कुकर, तवा आणि शेगडी यांना. बाकी धंदा पोरांच्याच पैशावर उभा राहिला.

पण अठ्ठावीसशेला साठ जेवणांनी भागून बघा. एका जेवणाचे सत्तेचाळीससुद्धा होत नाहीत. त्यात पोळ्या, भाजी, वरण-भात आणि एक वेळ ज्वारीची भाकरी. तेल महाग झालं म्हणून वर्षाच्या मधे दर वाढवता येत नाही. पोरं शेजारच्या मेसला जातात. रविवारी रात्री डबा बंद, ही पद्धत आहे ना, ती बाईच्या विश्रांतीसाठी म्हणून सांगतात. खरं तर महिन्याची चार जेवणं वाचतात, आणि बहुतेक मेस त्याच चार जेवणांवर टिकतात.

आणि खाडा. या धंद्यातली निम्मी भांडणं खाड्याची. पोरगं दिवाळीला आठ दिवस घरी गेलं, आल्यावर म्हणतं, आठ दिवसांचे कापून द्या. काकूंनी नियम भिंतीवर लिहून टाकलाय: आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडा, आणि सलग तीन दिवसांपेक्षा जास्त असला तरच. "तोंडानं सांगितलं तर पोरं विसरायलेत. भिंत कुणी विसरत नाही."

(दृश्य: भिंतीवर चिकटवलेला नोंदणीचा कागद. निळा सिलिंडर.)

कागदपत्रांचं थोडक्यात. खाण्याचा पदार्थ विकायचा, मग तो घरात केला तरी अन्नसुरक्षा नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असेल तर मोठा परवाना नको, साधी नोंदणी पुरते. सरकारी फी वर्षाला शंभर रुपये. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. सोबत घटक, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, किती दिवस टिकेल ते आणि शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका. उद्यम नोंदणी तर फुकट आहे. तिचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटा सरकारी नाहीत. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तो महाग पडतो, म्हणून गॅस हिशेबात त्याच दरानं धरायचा.

(दृश्य: गल्लीत बायकांची बैठक. मधे वह्या, हप्त्याची कार्डं.)

कर्जावर मात्र जरा थांबू. दारावर येणारे फायनान्सवाले झटपट पैसे देतात. व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर सर्रास असतं, आणि हप्ता आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा. आता हा हप्ता कुरडईला लावून बघा. पैसा येणार दिवाळीत, हप्ता येणार सोमवारी. मग एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज निघतं. यात धंदा वाईट नसतो, बाईही आळशी नसते. फक्त पैसा येण्याची तारीख आणि जाण्याची तारीख एकमेकींना भेटत नाहीत.

स्वस्त पैसा मिळतो, वेळ लागतो. ग्रामीण भागात बचत गटाला तीन लाखांपर्यंतचं बँकेचं कर्ज सात टक्क्यांनी मिळू शकतं. मुद्रा योजनेत शिशु गटाला पन्नास हजारांपर्यंत तारण लागत नाही. खाद्य प्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली आलेल्या केंद्राच्या योजनेत पस्तीस टक्के अनुदान ठेवलं. पण ते हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं राहतं आणि कर्ज नीट फिटत असेल तर त्यात वळतं होतं. अनुदान मिळणार म्हणून मशीन घेतलेल्यांना हे फार उशिरा कळतं. शिकायचं असेल तर ग्रामीण भागातल्या बेरोजगारांसाठी जिल्ह्याची आरसेटी, म्हणजे स्वयंरोजगार शिकवणारी संस्था आहे. तिथं प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत.

मशीन म्हटलं की ती दुसरी मंडळीही आली. फुलवातींचं मशीन घ्या, अगरबत्तीचं घ्या, कच्चा माल आम्ही देतो, तयार माल आम्हीच परत घेतो. पहिल्या दोन खेपा घेतातही. तिसऱ्या खेपेला माल ‘क्वालिटीत बसत नाही’ आणि चौथ्या खेपेला फोन लागत नाही. हे लोक नफा मशीन विकण्यात कमावतात, फुलवातीत त्यांना काही रस नसतो. गिऱ्हाईक स्वतःचं नाही, तो धंदा स्वतःचा नाही, एवढं ओळखलं तरी पुष्कळ पैसे वाचतात.

(दृश्य: मेचा दुसरा आठवडा. ट्यूशन एरियातले सुने रस्ते, ‘रूम भाड्याने देणे आहे’च्या पाट्या.)

नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा सहसा मेच्या पहिल्या रविवारी असते. ती झाली की लातूर एका रात्रीत रिकामं होतं. डबे उलटे घालून ठेवतात. ज्यांचा सगळा धंदा डब्यावर आहे, त्यांना जूनमध्ये नवी पोरं येईपर्यंत घरातून खावं लागतं. काकूंचं वाळवण मार्चपासून थोडंथोडं सुरूच असतं. डबे थांबले की दोन्ही शेगड्या त्याला मिळतात. आगाऊ आलेल्या डब्याच्या पैशांतून एप्रिलमध्येच गहू आणि उडीद भरून ठेवलेला असतो. वाळवण जूनपर्यंत पुण्याला जातं, आणि त्याच्या उरलेल्या पैशांतून नव्या हंगामाचा पहिला किराणा येतो. एका धंद्याचा रिकामा महिना दुसऱ्याच्या कामी येतो. हे आधी ठरवून झालं का, असं विचारलं तर त्या हसतात. ठरवून नाही, दोन वर्षं मे महिना कोरडा गेला, मग सुचलं.

(दृश्य: संध्याकाळ. काकू सुपात वाळल्या कुरडया भरताहेत. शेजारीण लेबलं चिकटवते आहे.)

शेवयाचं मशीन घेणार का, असं विचारतो.

"यंदा भाड्यानं आणलंय, चार दिवसाला. पोरं पंचवीस झाली तर पुढल्या साली बघू. आत्ता घेऊन ठेवलं तर दहा महिने झाकूनच ठेवायचं. आणि ठेवायचं कुठं, सांगा? तिथं तर टँकरचे ड्रम आहेत."