रिकामी वाटी परत करायची नसते

[दृश्य : सागवानी कपाट. खण उघडतो. आत लाल रुमाल.]

या खणात ४२ चित्रं आहेत. कित्येक वर्षं ती अशीच रुमालात बांधून ठेवलेली. वर वेखंडाची पुरचुंडी आणि कडुनिंबाचा वाळका पाला. हा खण सांभाळणाऱ्या काकू गाठ सोडतात तेव्हा आधी वेखंडाचा वास येतो, मग जुन्या कागदाचा.

हा प्रभात रस्त्याच्या एका गल्लीतला बंगला. तळमजल्यावर एका खाजगी कलान्यासाचा संग्रह आहे. बघायचा तर आधी पत्र द्यायचं, मग फोन करायचा, वेळ ठरवायची. आलेल्या माणसाला काकू चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. इथल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा जीव आहे. पण दिवाणखान्यात येऊन येऊन माणसं किती येणार?

[दृश्य : टेबलावर एक चित्र. दोन हात ते उलटतात.]

ही चित्रकथीची पोथी. पोथी म्हणायचं, पण शिवण नाही, बांधणी नाही. सुटी पानं. हातकागदावर काढलेली दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. चित्रकथी समोर बसलेल्यांना एक बाजू दाखवायचा, गोष्ट सांगायचा, गायचा, आणि पान उलटायचा. मागच्या बाजूला गोष्ट पुढे सरकलेली असायची. ही पैठण धाटणीची चित्रं आहेत. चेहरे एका बाजूने दिसणारे, डोळे मात्र अख्खे, गोल, टपोरे. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर कलावंतांनी ही परंपरा आजही जिवंत ठेवली आहे.

खालच्या कडेला, बरोबर मधोमध बघा. काळपट डाग दिसतोय? सगळ्या पानांवर तो त्याच जागी आहे. ही अंगठ्याची जागा. गावोगाव, देवळाच्या ओट्यावर, दिव्याच्या उजेडात पान धरणाऱ्या हातांचा हा डाग.

आता ही चित्रं उसनी जाणार आहेत. ११ महिन्यांसाठी, शहरातल्याच एका सार्वजनिक संग्रहालयात.

[दृश्य : केळकर संग्रहालय, दिव्यांचं दालन.]

पुण्याला संग्रहाची गोष्ट नवी नाही. बाजीराव रस्त्यालगतचं राजा दिनकर केळकर संग्रहालय कुणा राजामहाराजाने उभारलेलं नाही. ते उभं राहिलं दिनकर गंगाधर केळकर आणि कमलाबाई या नवराबायकोच्या पायपिटीतून. काका केळकरांचा व्यवसाय चष्म्यांचा, कविता लिहायचे ‘अज्ञातवासी’ या नावाने. १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, वज्री, वाड्यांचे कोरीव दरवाजे, वाद्यं. घराघरांत रोज हाताळल्या जाणाऱ्या आणि एक दिवस मोडीत निघणाऱ्या वस्तू. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी या सगळ्याला दिलं.

[दृश्य : मस्तानी महालाची लाकडी महिरप. कॅमेरा सावकाश वर.]

कोथरूडचा मस्तानी महाल त्यांनी इथे आणून पुन्हा उभा केला. आणि १९७५ साली हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. आज इथे २०,०००हून जास्त वस्तू आहेत. दालनांत एका वेळी मांडता येतात त्यातल्या साधारण अडीच हजार.

काका केळकरांनी केलं ते दान. दानासाठी केवढं मन लागतं, हे या दालनांतून फिरताना कळतं. पण प्रत्येक संग्राहकाकडून, प्रत्येक न्यासाकडून दानाचीच अपेक्षा धरून बसलो, तर चित्रं कपाटातच राहतील. मधला एक रस्ता आहे. तो आपल्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारून वाटीभर साखर आणायची. आणि वाटी परत करताना रिकामी करायची नाही.

[दृश्य : मुंबई, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. घुमट, मग पूर्वेकडचं दालन.]

मुंबईत या रस्त्यावरून बरीच मजल मारली गेली आहे. या संग्रहालयाचा पायाच मुळी खाजगी संग्रहांवर उभा आहे. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांचे संग्रह इथे भेट म्हणून आले. त्याआधी १९१५ साली विश्वस्तांनी शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेतला. त्यात नाना फडणविसांच्या संग्रहातलीही काही चित्रं होती. पुण्याच्या कारभाऱ्याने जमवलेली चित्रं बघायला पुणेकराला आज मुंबईला जावं लागतं. पण ती बघायला मिळतात, कारण कुणीतरी ती सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या घरात आणून ठेवली.

आणि हे जहांगीर निकल्सन यांचं दालन. निकल्सन कापसाचे व्यापारी. १९६८ साली त्यांनी पहिलं चित्र विकत घेतलं, मग थांबलेच नाहीत. हुसेन, रझा, गायतोंडे. आधुनिक भारतीय कलेच्या जवळपास ८०० कृती जमल्या. मुंबईत आधुनिक कलेचं स्वतंत्र संग्रहालय व्हावं ही त्यांची इच्छा होती. ते झालं नाही. २००१ साली ते गेले. २००८ साली त्यांच्या प्रतिष्ठानाने या संग्रहालयाशी करार केला आणि २०११मध्ये हे दालन उघडलं. चित्रं प्रतिष्ठानाची, भिंत संग्रहालयाची, बघणारे तुम्ही-आम्ही.

[दृश्य : पुन्हा बंगला. टेबलावर दिवा, भिंग, छापील फॉर्म.]

चित्र उसनं द्यायचं म्हणजे काय करायचं, ते आता नीट बघा. आम्ही तीन दिवस इथे होतो.

आधी कागदपत्रं. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांपेक्षा जुनं चित्र ज्याच्याकडे आहे, त्याने त्याची नोंदणी करायची असते. प्रत्येक चित्राचं प्रमाणपत्र, प्रत्येकाचा फोटो. मग विमा. तो या खणातून पान निघाल्यापासून याच खणात परत येईपर्यंतचा.

मग कंडिशन रिपोर्ट, म्हणजे प्रत्येक पान आज कोणत्या अवस्थेत आहे त्याची नोंद. संग्रहालयातून संवर्धनाचं काम करणाऱ्या ताई आल्या आहेत. त्या एका वेळी एकच पान घेतात. दिवा वरून धरत नाहीत, बाजूने, अगदी तिरका धरतात. तिरक्या उजेडात कागदाची प्रत्येक सुरकुती, रंगाचा प्रत्येक सुटलेला पापुद्रा सावली टाकतो. त्या सावल्या मोजायच्या आणि फॉर्मवर लिहायच्या. उजव्या कोपऱ्यात कसरीचं छिद्र, दोन मिलिमीटर. डाव्या कडेला जुनी घडी. राक्षसाच्या दंडावर गेरूचा पापुद्रा सुटा.

“ताई, इथला पिवळा बघा, मागच्या पावसाळ्यानंतर जरा मंद वाटतोय,” काकू म्हणतात.

ताई हातमोजे बदलतात. हा पिवळा हरताळाचा आहे, आणि हरताळ विषारी. पोथ्या लिहिणारे लेखनिक चुकलेल्या अक्षरावर हाच लावायचे. हरताळ फासणे हा शब्दप्रयोग तिथूनच आला. इथे त्याने चूक झाकलेली नाही. इथे तो सीतेच्या लुगड्याला आहे.

अंगठ्याच्या डागापाशी ताई थांबतात. फॉर्मवर लिहितात : वापराची खूण, साफ करू नये.

[दृश्य : तिरका प्रकाश. कोपऱ्यावर चिकटवलेली कागदाची पट्टी. पट्टीखालून अक्षराचा उंचवटा.]

आणि इथे ते सापडलं. पानाच्या कोपऱ्यावर कुणीतरी कधीतरी डागडुजीची कागदी पट्टी चिकटवली होती. तिच्याखाली काहीतरी आहे, हे तिरक्या उजेडात पहिल्यांदा दिसलं. मागून मंद प्रकाश दिल्यावर वाचता आलं. ९. दुसऱ्या पानावर २४. मग एकेक करत सगळ्या चित्रांवर आकडे निघाले.

न्यासाच्या यादीत ही चित्रं आली त्या क्रमाने लावलेली होती. त्या क्रमात हनुमान लंकेहून आधी परततो आणि समुद्र नंतर ओलांडतो. आता मूळ क्रम हाती लागला. आकडे ४६पर्यंत जातात. १७-१८चं आणि ३१-३२चं अशी दोन पानं नाहीत. ती कुठे तरी दुसऱ्या रुमालात असतील. निदान शोधायचं काय, हे तरी आता माहीत आहे.

चित्रं अजून बंगल्याबाहेर पडलेली नाहीत, आणि वाटीत काहीतरी पडलेलंसुद्धा आहे.

[दृश्य : लाकडी पेटी, फोम, आम्लमुक्त कागद. स्क्रू आवळणारे हात.]

पेटीला खिळे ठोकत नाहीत, स्क्रू लावतात. हातोडीचा एक दणका म्हणजे रंगाचा एक पापुद्रा. आत फोम, फोमच्या आत कोरा आम्लमुक्त कागद, मग पान. पुण्याची हवा पावसाळ्यात ओलीगच्च, उन्हाळ्यातल्या दुपारी कोरडी ठक्क. ओलाव्याने कागद फुगतो, कोरडेपणाने आखडतो. इथे तर दोन कागद पाठीला पाठ लावलेले, एक आखडला की तो दुसऱ्यालाही ओढतो. म्हणून पेटीत ओलावा नोंदवणारं छोटं यंत्र ठेवलंय, काडेपेटीएवढं.

टेम्पो सकाळी सहाला निघाला. काकू पुढच्या सीटवर. “दादा, गतिरोधक आला की आधी सांगा हं,” एवढंच त्या वाटेत बोलल्या.

[दृश्य : संग्रहालयाचं कार्यालय. आवक-जावक रजिस्टर.]

आवक रजिस्टरमध्ये नोंद, दोन सह्या, परतीची तारीख. पण पेटी लगेच उघडायची नाही. २४ तास ती तशीच खोलीत ठेवायची. पेटीच्या आतली हवा आणि खोलीतली हवा सारखी होऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, आणि तेच फॉर्म घेऊन पुन्हा प्रत्येक पान तपासलं. राक्षसाच्या दंडावरचा पापुद्रा जागेवर होता.

[दृश्य : दालन. लक्स मीटरचा आकडा ४८वर थांबतो.]

उजेड लक्समध्ये मोजतात, आणि कागदावरच्या रंगांना ५० लक्सपेक्षा जास्त उजेड द्यायचा नाही. आत आल्यावर क्षणभर अंधारल्यासारखं वाटेल. डोळे सरावू द्या. उजेडाने उडालेला रंग कशानेच परत येत नाही. म्हणून सगळी २१ पानं एकदम मांडलेली नाहीत. एका वेळी सात पानं, म्हणजे १४ चित्रं. साडेतीन महिन्यांनी ती अंधारात विश्रांतीला जातील आणि पुढची सात येतील.

११ महिन्यांनी सगळी बंगल्यावर परत जातील. त्यानंतर या दालनात काय येईल ते ठरायचं आहे.

[दृश्य : काचेच्या उभ्या चौकटी, एकामागे एक.]

ही पानं भिंतीवर लावता येत नाहीत. लावली तर मागचं चित्र कायमचं भिंतीकडे तोंड करून राहील. म्हणून दालनाच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी काच असलेल्या चौकटींत ती उभी केली आहेत. एक चित्र बघायचं, वळसा घालायचा, मागचं बघायचं, मग पुढच्या चौकटीकडे. चित्रकथीचं जे काम हात करायचा, ते इथे बघणाऱ्याचे पाय करतात.

उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी दालनात फक्त काकू होत्या. इतकी वर्षं त्यांनी ही पानं टेबलावर आडवी बघितली, एका वेळी एक. उभी, आणि क्रमाने, कधीच नाही. त्यांनी चष्मा पुसला, पर्स खुर्चीवर ठेवली आणि पहिल्या चौकटीपासून सुरुवात केली.

[दृश्य : काकू चौकटींमधून वळसे घेत पुढे जातात. निवेदन नाही. चौथ्या चौकटीपाशी त्या मागे वळून पुन्हा तिसरीकडे येतात.]