वाचून दाखवणाऱ्याच्या भरवशावर

[दृश्य: सकाळची गणपत गल्ली. भाजीच्या टोपल्या, दुकानांचे कन्नड फलक, खांबाला बांधलेला क्यूआर कोड.]

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी. या पट्ट्यातल्या मराठी घरात दिवसभरात चार भाषा शिरतात. विजेचं बिल कन्नडात, बँकेचा मेसेज इंग्रजीत, अनोळखी फोन हिंदीत आणि घरातलं बोलणं मराठीत. सही करायची वेळ आली की शेजारी उभ्या असलेल्याला विचारायचं, "काय लिहिलंय हो त्यात?" त्यानं सांगायचं, आपण सही करायची. कितीतरी घरांत असंच चालत आलंय, आणि बहुतेक वेळा सांगणारा खरंच सांगतो.

भामट्याला ही सवय पक्की ठाऊक असते. म्हणून तो इथं वाचून दाखवणारा होऊन येतो.

[दृश्य: अंधारलेली खोली, मोबाइलच्या पडद्यावर आलेला मेसेज.]

"मागचं बिल अपडेट झालेलं नाही. आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल. या नंबरवर फोन करा." असा मेसेज आला की आधी तो कुठून आला ते पाहा. कंपन्या आणि सरकारी खाती पाठवतात ते मेसेज इंग्रजी अक्षरांच्या नावानं येतात आणि नावाच्या शेवटी रेघ मारून एक अक्षर असतं. बँकेच्या व्यवहारासाठी टी, सेवेसाठी एस, सरकारी मेसेजसाठी जी, जाहिरातीसाठी पी. साध्या दहा आकडी नंबरावरून वीज तोडण्याची नोटीस येत नाही. मन थाऱ्यावर नसेल तर हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, जुनं बिल हातात घ्या, त्यावरचा आर. आर. नंबर (वीज जोडणीचा क्रमांक) बघून ठेवा आणि १९१२ वर विचारा.

मेसेजमधल्या नंबरावर फोन केला तर पुढचं सगळं ठरलेलं असतं. तो एक ॲप घ्यायला सांगतो आणि "फक्त दहा रुपये भरून बघा" म्हणतो. त्या ॲपमुळं तुमचा पडदा त्याला दिसत असतो. दहा रुपये भरताना तुम्ही टाकलेला कार्डाचा नंबर आणि आलेला ओटीपी तो वाचत असतो.

लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, किसान योजनेची यादी अशा नावानं व्हॉट्सॲपवर येणारी फाइलही याच जातीची. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नसून ॲप आहे. उघडलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. दिली की ओटीपी परस्पर पळतात. फाइल भावाच्या किंवा भजनी मंडळातल्या कुणाच्या नंबरवरून आली म्हणून विश्वास ठेवू नका. बऱ्याचदा त्यांचाच फोन आधी फसलेला असतो. चुकून उघडलीच, तर फोन लगेच एरोप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. फोन रिसेट करायचं काम त्यानंतर.

[दृश्य: गावातला कट्टा. कागदांची पिशवी घेतलेल्या बायका.]

योजनांच्या बाबतीत सीमेवर गोंधळ जास्त होतो. गृहलक्ष्मीचे महिन्याचे २,००० रुपये कर्नाटक सरकारचे, लाडकी बहीण योजना महाराष्ट्रातल्या रहिवासी बायकांसाठी. पण इथल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं आरोग्य योजना जाहीर केलेली आहे. त्यामुळं "तिकडची योजना तुम्हालाही मिळवून देतो, आधार आणि अंगठा द्या" असं कुणी म्हटलं तर ते खरं वाटतं. अंगठा ही आता सहीच आहे. आधारशी जोडलेल्या खात्यातून छोट्या मशीनवर अंगठा ठेवून पैसे काढता येतात, ओटीपी लागत नाही. प्रत्येक अंगठ्यामागं छापील पावती मागा. "लागला नाही, परत ठेवा" असं म्हणाला तर आधीच्या प्रयत्नाचीही पावती मागा. आधारच्या सरकारी ॲपमध्ये बोटांचे ठसे कुलूपबंद करायची सोय आहे. कामापुरते उघडावेत, मग पुन्हा बंद करावेत.

[दृश्य: दुपारची वेळ, किराणा दुकान. हातात मशीन घेतलेला पिग्मी एजंट.]

आता घरच्याच विश्वासातला व्यवहार. पिग्मी, म्हणजे एजंट रोज दारात येऊन गोळा करतो ती छोटी बचत. पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं उडुपीत १९२८ साली रोज दोन आण्यांपासून ही बचत सुरू केली. आज बेळगावातल्या चहाच्या टपरीपासून सराफ कट्ट्यापर्यंत पिग्मी भरली जाते. रोज शंभर रुपये म्हटले तरी वर्षाला ३६,५०० होतात. ज्याला महिन्याच्या शेवटी काही उरत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत खरोखर चांगली आहे. बिघाड होतो तो दोन ठिकाणी.

पहिली जागा म्हणजे एजंटची वही. मशीनमधला कागद संपलाय म्हणून तो वहीत लिहून घेतो, उद्या मशीनमध्ये चढवतो म्हणतो. चढलेली रक्कम संस्थेच्या खात्यात दिसते, वहीतली दिसत नाही. एजंट पळाला की संस्था म्हणते, आमच्याकडं नोंद नाही. म्हणून पावती निघाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. महिन्यातून एकदा स्वतः ऑफिसात जाऊन स्टेटमेंट घ्यावं आणि पावत्यांशी ताळा करावा. पैसे भरल्याचा मेसेज येत असेल तर तो कुणाच्या नंबरावर येतो तेही बघावं. फॉर्मवर एजंटनं स्वतःचाच नंबर टाकलेला असू शकतो.

दुसरी जागा कोऱ्या फॉर्मची. पिग्मीवर कर्ज मिळतं. खातं उघडताना "इथं, इथं आणि इथं" करून घेतलेल्या कन्नड फॉर्मवरच्या सह्यांमध्ये एखादी कर्जाच्या अर्जावरची असेल, तर ठेव तुमची आणि कर्ज दुसऱ्याच्या खिशात.

संस्था कोणती, हेही विचारलंच पाहिजे. आपण सगळ्यांनाच "सोसायटी" म्हणतो. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागं पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्था, सौहार्द सहकारी (कर्नाटकाच्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेल्या संस्था) आणि मल्टीस्टेट क्रेडिट सोसायटी यांना ते नाही. यातल्या कितीतरी संस्था नीट चालतात, पण बुडाली तर विमा मिळत नाही. फलकावर 'बँक' हा शब्द आहे का आणि नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, हे ठेव ठेवण्याआधी वाचा. बँकेपेक्षा चार-पाच टक्के जास्त व्याज कुणी देऊ करत असेल, तर तेवढं कमावण्यासाठी तो पैसा कुठं लावतोय हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

[दृश्य: घराच्या पडवीत बसलेल्या आठ-दहा बायका. मध्ये टॅबलेट घेऊन बसलेला तरुण.]

या सगळ्यात इथल्या घरांचं सर्वात जास्त नुकसान ज्यानं केलंय, त्या प्रकाराकडं येऊ. गटाचं कर्ज, म्हणजे बायकांनी गट करून, एकमेकींच्या भरवशावर फायनान्स कंपनीकडून घेतलेलं कर्ज.

गावातली, ओळखीची, चार जणींत उठबस असलेली बाई येते. "अक्का, पन्नास हजाराचं कर्ज मंजूर हाय. निम्मी सबसिडी हाय. पंचवीस तुमचे, पंचवीस माझ्याकडं द्या, हप्ते मी भरते की." फायनान्स कंपनी खरी असते, कर्जही खरं असतं. सबसिडी मात्र कुठंच नसते. पहिले काही हप्ते ती बाई भरते. त्या भरवशावर आणखी बायका येतात, त्याच बायका दुसऱ्या-तिसऱ्या कंपनीचं कर्ज काढतात. नव्या कर्जातून जुने हप्ते जातात, आणि नवीन बायका मिळेनाशा झाल्या की सगळं थांबतं. २०२४ च्या अखेरीस बेळगाव जिल्ह्यात अशाच पद्धतीनं फसलेल्या बायका मोठ्या संख्येनं तक्रार घेऊन पुढं आल्या.

आकडा मांडून बघा. पन्नास हजार, व्याज २४ टक्के, मुदत दोन वर्षं. हप्ता साधारण २,६४३ रुपये. एकूण फेड ६३,४०० च्या पुढं. हातात आले पंचवीस हजार. कागदावर सही तुमची असल्यानं कंपनी तुमच्याच दारात येते, आणि तुमचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या जणीही तुमच्याकडं बोट दाखवतात.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम अशा कर्जांना लागू आहेत. ते तोंडपाठ असावेत इतके कामाचे आहेत. हे कर्ज विनातारण असतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कुणी येऊ नये. आणि सीमाभागासाठी सर्वात मोलाचा नियम असा: कर्जदाराला तिला समजेल अशा भाषेत कर्ज कार्ड द्यावं लागतं. त्यावर रक्कम, व्याज, हप्ता आणि तक्रारीचा नंबर असतो. "आमच्याकडं कन्नड आणि इंग्रजीच आहे" असं उत्तर आलं, तर सही थांबवा आणि मराठीत मागा. तोवर फोनमधल्या भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा त्या कागदावर धरला, तरी रक्कम कशाची आणि सही कशावर, एवढा अंदाज येतो.

आपल्या नावावर किती कर्जं आहेत हे घरबसल्या कळतं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं तर आधी त्या फायनान्स कंपनीकडं लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. तिथं फी नाही, माहितीसाठी नंबर १४४४८.

[दृश्य: रिकामा व्हरांडा. आतून व्हिडिओ कॉलची रिंग.]

मार्च २०२५. खानापूर तालुक्यातलं एक वृद्ध जोडपं. पोलिस असल्याची बतावणी करणाऱ्यांनी फोनवरून त्यांना धमकावलं आणि लाखो रुपये उकळले. दोघांनीही आयुष्य संपवलं.

"डिजिटल अरेस्ट" नावाची कोणतीही अटक भारताच्या कायद्यात नाही. पोलिस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, खात्यातली रक्कम "तपासून परत देतो" म्हणून मागत नाहीत. असा फोन आला तर कापा आणि घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा. कुणाला सांगू नको, हीच त्या फोनवरची पहिली अट असते. पैसे गेल्यावर किंवा वसुलीच्या त्रासानं जीव नकोसा झाला असेल, तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा सल्लागार दिवसरात्र मिळतो, फुकट.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. वहीत नंबर लिहिणारा हात.]

पैसे गेलेच, तर पहिला तास महत्त्वाचा. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात उड्या मारत जाते आणि शेवटी एटीएममधून निघते. वाटेत असतानाच ती गोठवता येते. १९३० वर फोन करा. हातात हे ठेवा: बँकेचं नाव, खात्याचा नंबर, रक्कम, वेळ, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचा नंबर. मिळालेला तक्रार क्रमांक जपा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. लगोलग बँकेलाही कळवा, कळवल्याची वेळ लिहून ठेवा. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमच्या माथी येतं, पण कळवल्यानंतरचं बँकेच्या. तुमची काहीच चूक नसेल आणि गळती तिसऱ्याच ठिकाणी झाली असेल, तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीच येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे.

नंतरच्या आठवड्यात "तुमचे गेलेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल" असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. तो दुसरा भामटा आहे.

[दृश्य: महामार्गावर कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीची पाटी.]

"हे आमच्या हद्दीत येत नाही, कोल्हापूरला जा." सीमेवरच्या माणसाला हे वाक्य नवं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी ती नोंदवून घेऊन पुढं पाठवायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. सायबर प्रकरणांसाठी बेळगावात सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलिस ठाणं आहे.

वस्तूच्या बाबतीतही तसंच. हद्दीपलीकडं, महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजला घेतलेला मिक्सर महिन्यात जळाला आणि दुकानदार हात वर करतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे खटला बेळगावात चालेल, गडहिंग्लजला हेलपाटे तुम्ही घालायचे नाहीत. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला सांगून बघा, तिथं मराठीतही बोलता येतं.

या सगळ्याला बिल लागतं. आणि हल्लीची बिलं बहुधा थर्मल कागदावर असतात, त्यांची शाई काही महिन्यांत उडते. दुकानाच्या पायरीवरच त्याचा फोटो काढून घ्या.