घासाघीस न येणारा सेनापती

ग्रँट रोड स्टेशनाशी आजच्या ग्रँटचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो रस्ता आणि ते मेडिकल कॉलेज, दोन्ही नावं मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांची. आपला ग्रँट म्हणजे युलिसिस एस. ग्रँट, अमेरिकेचा अठरावा राष्ट्राध्यक्ष, १८६९ ते १८७७.

आता मधला 'एस' कशाचा? आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं, म्हणून आपण हमखास विचारतो. त्याच्या वडिलांचं नाव जेसी. मुलाचं ठेवलेलं नाव हायरम युलिसिस. वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेसाठी शिफारस करताना त्यांच्या भागातल्या खासदाराने कागदावर चुकून 'युलिसिस एस.' लिहिलं आणि एकदा लिहिलेलं बदलायला लष्कर काही तयार होईना. जगात कुठेही जा, सरकारी कागद तो कागदच! पुढे होणाऱ्या बायकोला, ज्युलियाला, त्याने पत्रात मोकळेपणाने लिहिलं की माझ्या नावात एक 'एस' आहे, पण तो कशाचा ते मला माहीत नाही.

आज मला त्याचा एकच गुण, किंवा अवगुण म्हणा हवं तर, तुमच्यापुढे ठेवायचा आहे. त्यासाठी एक शिंगरू लागेल. ग्रँट आठेक वर्षांचा होता. ओहायोतलं खेडं, वडिलांचा चामडं कमावण्याचा धंदा. पोराला त्या रक्ताची आणि कातड्याची किळस, जीव सगळा घोड्यांवर. शेजारच्या रॅल्स्टन नावाच्या गृहस्थाकडचं एक शिंगरू त्याच्या मनात भरलं. मालक पंचवीस डॉलर मागत होता, वडील वीस द्यायला तयार होते. शेवटी वडिलांनी समजावून पाठवलं. पोरगं गेलं आणि म्हणालं, "बाबांनी सांगितलंय, वीस सांग, नाही म्हणाले तर साडेबावीस सांग, तरी नाही म्हणाले तर पंचवीस देऊन टाक." शिंगरू कितीला मिळालं हे सांगायला नको. गावातल्या पोरांनी त्याला कितीतरी दिवस चिडवलं.

वेस्ट पॉइंटला एकोणचाळीस जणांत तो एकविसावा आला. मेक्सिकोच्या युद्धात चांगला लढला. १८५४ मध्ये राजीनामा देऊन घरी आला. दारूची कुजबुज तेव्हापासूनची, ती जन्मभर पाठीशी राहिली. शेती केली, बसली. सेंट लुईसच्या रस्त्यांवर सरपण विकलं. या कडकीच्या दिवसांत, १८५९ मध्ये, विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम त्याच्या मालकीचा होता. विकला असता तर संसाराला मोठा हातभार लागला असता. ग्रँटने कोर्टात जाऊन त्याला मुक्त केलं आणि बदल्यात छदामही घेतला नाही. त्याला संत करायला मी आलेलो नाही. गुलाम मालकीचा होता हेही खरंच, आणि सासरची शेती तर सगळी गुलामांवर चाललेली. पुढे १८६२ मध्ये आपल्या लष्करी प्रदेशातून सगळ्या ज्यूंना हाकलण्याचा एक लाजिरवाणा हुकूमही त्याने काढला होता. लिंकनने तो रद्द करायला लावला.

वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो गलीना गावात वडिलांच्या चामड्याच्या दुकानात गल्ल्यावर बसला होता, धाकट्या भावांच्या हाताखाली. वर्षभरात उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं, ग्रँट उत्तरेकडून उतरला आणि ज्या सरळपणाने धंद्यात वाट लागत होती तोच इथे कामाला आला. फेब्रुवारी १८६२, दक्षिणेच्या ताब्यातला डोनेल्सनचा किल्ला. आतल्या सेनापतीने, जुन्या ओळखीच्या माणसाने, अटी विचारल्या. ग्रँटचं उत्तर: बिनशर्त आणि तत्काळ शरणागती, दुसरी अट नाही. एका आकड्यात व्यवहार. मग शायलोची लढाई, तिथे दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांच्या वर मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मग व्हिक्सबर्गचा वेढा. मार्च १८६४ मध्ये उत्तरेच्या सगळ्या सैन्याची सूत्रं त्याच्याकडे आली.

९ एप्रिल १८६५. ॲपोमॅटॉक्स गावातल्या मॅक्लीन यांच्या घराची बैठकीची खोली. शरण आलेला दक्षिणेचा जनरल ली कडक गणवेशात, कमरेला देखणी तलवार. ग्रँटच्या अंगात साध्या शिपायाचा डगला, बूट चिखलाने भरलेले. नकला निघणारी हुकूमवही त्याने पुढे ओढली आणि लिहायला बसला. पहिला शब्द कोणता लिहायचा हे ठाऊक नव्हतं, मनात काय आहे तेवढं ठाऊक होतं, असं त्याने नंतर म्हटलंय. शस्त्रं टाका, पुन्हा लढणार नाही असा शब्द द्या, घरी जा. आणि शब्द पाळलात तोवर सरकार तुमच्या वाटेला जाणार नाही. लीने वाचलं आणि हळूच विचारलं, आमच्याकडे घोडदळातल्या आणि तोफखान्यातल्या साध्या माणसांचे घोडेही त्यांचे स्वतःचे असतात, त्यांचं काय? ग्रँट म्हणाला, लिहिलेलं बदलत नाही, पण जो घोडा किंवा खेचर आपलं म्हणेल त्याला ते घेऊन जाऊ द्या असं सांगून ठेवतो, पेरणीला लागेल. इथे तो पाहिजे ते मागू शकत होता. मागितलं नाही, उलट उपाशी शत्रूला पंचवीस हजार माणसांचा शिधा दिला. दोन महिन्यांनी, लिंकनच्या खुनानंतर आलेले नवे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन लीवर खटला भरायला निघाले, तेव्हा ग्रँटने राजीनाम्याची धमकी देऊन आपलं ते वाक्य राखलं.

राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याला नापास करण्याची जुनी रीत आहे. मला ती पटत नाही, निदान पूर्ण नाही. १८७० मध्ये राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती झाली, वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही अशी. दुसऱ्या वर्षी साउथ कॅरोलायनाच्या नऊ जिल्ह्यांत लष्कर आणि अटकसत्र वापरून त्याने कू क्लक्स क्लॅनचं, कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त टोळीचं, कंबरडं मोडलं. १८७३ साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल. तेव्हा व्हाइट हाऊसमध्ये हाच माणूस होता. आणि त्याच वर्षी एप्रिलात लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या टोळ्यांनी कृष्णवर्णीयांची कत्तल केली होती, कमीत कमी साठ, कदाचित शंभराच्या वर. मुक्ती कागदावर आली होती, गावोगाव पोचायची होती.

बाकी भोवतालची माणसं मात्र एकेक नग. दारूच्या करातले लाखो डॉलर गिळणारी टोळी निघाली, तिच्यात खुद्द खासगी चिटणीस बॅबकॉकचं नाव. ग्रँटने त्याच्या बाजूने शपथेवर जबानी दिली आणि तो सुटला. मित्राने सांगितलं ना, मग झालं! साडेबावीस म्हणायचं असतं हे त्याला अजून कळलं नव्हतं.

पद सुटल्यावर जगप्रवास. फेब्रुवारी १८७९ मध्ये तो मुंबईतही उतरला, मलबार पॉइंटवर सरकारी पाहुणा म्हणून राहिला. परत येऊन न्यूयॉर्कला गेला आणि मुलाच्या भागीदाराच्या, फर्डिनंड वॉर्डच्या, पेढीत सगळी पुंजी घातली. मे १८८४ मधल्या एका रविवारी वॉर्ड आला, म्हणाला बँक अडचणीत आहे, दीड लाख डॉलर एका दिवसापुरते हवेत. ग्रँट उठून धनाढ्य व्हँडरबिल्टकडे गेला आणि स्वतःच्या नावावर उसने आणले. दोन दिवसांत पेढी बुडाली, वॉर्ड भामटा निघाला. घरात नवराबायकोचे मिळून दोनशेच्या आसपास डॉलर. राष्ट्राध्यक्षांना तेव्हा पेन्शन नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात पीच खाताना घशात कळ आली. कॅन्सर. आता लिहूनच घर चालवायचं होतं. आठवणींच्या पुस्तकासाठी एका मासिकवाल्यांनी दहा टक्के देऊ केले, हा सही करायला निघालेला. लेखक मार्क ट्वेन, ज्याची स्वतःची प्रकाशनसंस्था होती, मधे पडला, म्हणाला ही लूट आहे, मी नफ्याचे सत्तर टक्के देतो. आणि ग्रँटला काय अडचण वाटावी? पहिल्यांदा मासिकवाले आले होते, त्यांना सोडणं बरं दिसत नाही!

शेवटी ट्वेनकडे पुस्तक गेलं. आवाज गेला तेव्हा लेखनिकाला मजकूर सांगणं बंद झालं, मग हाताने लिहिणं. माउंट मॅकग्रेगरवरच्या घरात दोन खुर्च्या समोरासमोर जोडून तो बसल्याबसल्या झोपायचा, घशाला कोकेनचं पाणी लावायचे. डॉक्टरांशी बोलणं चिठ्ठ्यांवर. एका चिठ्ठीत त्याने लिहिलं की मी सर्वनाम नसून क्रियापद आहे असं मला वाटतं. असणं, करणं, सोसणं, क्रियापदाचे तिन्ही अर्थ मला लागू पडतात. हस्तलिखित हातावेगळं झालं आणि आठवडाभरातच, २३ जुलै १८८५ रोजी, तो गेला. जुने सैनिक दारोदार फिरून पुस्तकाच्या मागण्या नोंदवत होते. ज्युलियाला पहिला मोठा चेक दोन लाखांचा मिळाला, एकूण चार लाखांच्या वर.

मागच्या रांगेतून विचारताहेत की व्हाइट हाऊसच्या आठ वर्षांबद्दल त्यात काय आहे. जवळजवळ काही नाही. युद्ध संपतं तिथे पुस्तक संपतं. शिंगराची गोष्ट मात्र आहे, पहिल्याच प्रकरणात.